काळ्या मातीतली जीप

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहारा हे गाव आहे. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे, डांबरी रस्ते आहेत आणि शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडले आहे. पण मोठा रस्ता सोडून एखाद्या पांदणीने वावराकडे वळले, की पायाखाली येते ती जुनीच काळी माती. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. जुलैमध्ये तीच माती चपलेला अशी चिकटते, की दहा पावलांत पाय मणाचा होतो. अशा पांदणीत बैलबंडी चालते. दुसरे कोणते वाहन इथे चालेल, असे पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणालाही विचारले असते, तर एकच उत्तर मिळाले असते : जीप.

जीप हे खरे तर एका विशिष्ट गाडीचे व्यापारी नाव. पण मराठीत ते इतके मुरले, की कोणत्याही कंपनीची उघडी, उंच, टणक गाडी दिसली तरी आपण तिला जीपच म्हणतो. आणि जीप म्हटले की पुढचा शब्द ठरलेला : मजबूत. पण मजबूत म्हणजे नेमके काय? जाड पत्रा? मोठे इंजिन? की आणखी काही? वर्गात विचारून पाहावा असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला आधी जीपचा इतिहास पाहावा लागेल, मग थोडे गणित करावे लागेल.

एकोणपन्नास दिवसांत घडलेली गाडी

१९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांना पत्रे पाठवली. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती, पण तयारी चालू होती. सैन्याला घोडा आणि मोटारसायकल या दोन्हींची जागा घेईल अशी हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी होती. नमुन्याची पहिली गाडी ४९ दिवसांत द्यायची अट होती. एवढ्या थोड्या वेळात हे काम करण्याची तयारी फक्त एका कंपनीने दाखवली. ती म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर या गावची बँटम. कंपनी लहान, जवळजवळ दिवाळे निघालेली. तिने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने काही दिवसांत आराखडे काढले आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी, २३ सप्टेंबर १९४० रोजी, गाडी सैन्याच्या तळावर हजर झाली.

पुढची गोष्ट बँटमच्या दृष्टीने दुःखाची आहे. एवढी छोटी कंपनी हजारो गाड्या पुरवू शकणार नाही, असे ठरवून सैन्याने तिचे आराखडे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांना दाखवले. विलिसकडे बार्नी रूस यांनी सुधारलेले ६० अश्वशक्तीचे, सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे इंजिन होते. ते इतरांच्या इंजिनांपेक्षा जोरदार होते, पण गाडी वजनाच्या मर्यादेबाहेर जात होती. तेव्हा विलिसच्या लोकांनी गाडी पूर्ण सुटी केली, एकेक भाग तोलून पाहिला, कुठे पत्रा पातळ केला, कुठे बोल्ट आखूड केला. रंगाचासुद्धा एक हात कमी दिला, असे सांगतात. शेवटी विलिसचा नमुना मान्य झाला आणि फोर्डनेही तोच बनवला. समोरची उभ्या खाचांची जाळी ही मात्र फोर्डची युक्ती. पट्ट्या जोडून जाळी बनवण्यापेक्षा एकाच पत्र्यातून ती ठोकून काढणे स्वस्त पडत होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या तयार झाल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारांहून कमी आल्या. नंतर तिने जीपमागे जोडायच्या छोट्या गाड्या बनवल्या.

'जीप' हे नाव कुठून आले, यावर आजही वाद आहे. पॉपाय या व्यंगचित्रमालिकेत १९३६ मध्ये 'युजीन द जीप' नावाचा, कुठेही जाऊ शकणारा विचित्र प्राणी अवतरला होता. सैनिकांच्या बोलीतही हा शब्द आधीपासून होता. फोर्डच्या गाडीच्या सांकेतिक नावात जी आणि पी ही अक्षरे होती, त्यांचा जोडउच्चार म्हणजे जीप असेही म्हणतात. नाव कुठूनही आलेले असो, गाडीने ते सार्थ केले. १९४४ मध्ये ब्रह्मदेशात तर जीपची रबरी चाके काढून लोखंडी चाके बसवली गेली आणि तिने रुळांवरून आगगाडीचे डबे ओढले.

युद्धानंतर हीच गाडी शेतासाठी म्हणून विकायला निघाली. जगभर तिचे नातेवाईकही जन्मले. इंग्लंडमधील रोव्हर कंपनीने १९४८ मध्ये लँड रोव्हर बाजारात आणली. तिचा पहिला प्रायोगिक नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभा केला होता.

माझगावची जीप

आपल्याकडे जीप कारखान्यातून आली ती मुंबईच्या माझगावातून. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या दोन भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. व्यवसाय होता पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलिसच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपात पेट्यांतून आल्या आणि १९४९ मध्ये माझगावात जोडलेली पहिली जीप बाहेर पडली.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. सुटे भाग आणून गाडी जोडणे आणि गाडी बनवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले, की ज्यांच्याकडे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांना नुसती जोडणी करत राहता येणार नाही. १९५४ पर्यंत जनरल मोटर्सचा तो कारखाना बंद झाला. महिंद्रांनी दुसरी वाट धरली. १९५४ मध्ये त्यांनी विलिसशी करार केला आणि टप्प्याटप्प्याने एकेक भाग इथे बनवायला सुरुवात झाली.

आपण ज्या चेहऱ्याला 'महिंद्राची जीप' म्हणून ओळखतो, तो सीजे-३बी या १९५३ च्या नमुन्याचा. तिचे बॉनेट युद्धातल्या जीपपेक्षा उंच दिसते. त्यामागे शोभेचा विचार नव्हता. नव्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी झडप बाजूला न ठेवता वर, डोक्यात बसवली होती. त्यामुळे इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उचलावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ मध्ये बंद झाला. आपल्याकडे मात्र त्याचे वंशज पुढे कित्येक दशके बनत राहिले.

त्यातला मोठा बदल झाला तो इंजिनात. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि पेट्रोलची जीप बाळगणे म्हणजे हत्ती पोसणे झाले. गॅरेजवाल्यांनी जुन्या जीपमध्ये ट्रॅक्टरची, टेम्पोची, मिळतील ती डिझेल इंजिने बसवायला सुरुवात केली. कंपनीनेही डिझेलची वाट धरली. १९७९ मध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीशी इंजिनासाठी करार केला. पुढे इगतपुरीला इंजिने आणि नाशिकला गाड्या तयार होऊ लागल्या. पुण्याच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्स ही गाडी आणली. म्हणजे यवतमाळच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पुष्कळशा 'जीप' महाराष्ट्रातच जन्मलेल्या होत्या.

चिखलाचे गणित

आता पुन्हा लोहाऱ्याच्या पांदणीत येऊ. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट या जातीचे चिकण खनिज भरपूर असते. या खनिजाचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि त्यांना दूर सारते, म्हणून माती फुगते. पाणी गेले की ती आकसते, म्हणून भेगा पडतात. ओली असताना हेच पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात. शिवाय ही माती टायरच्या खाचांत भरून बसते. मग खाचांचा उपयोग संपतो आणि नवे टायरही गुळगुळीत टायरसारखे वागते.

अशा ठिकाणी गाडी का अडते? बहुतेक जण म्हणतील, इंजिनाला जोर कमी पडतो. खरेच तसे आहे का, ते हिशेब करून पाहू.

महायुद्धातल्या जीपच्या इंजिनाचा फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, जास्तीत जास्त सुमारे १४२ न्यूटन-मीटर होता. पहिल्या गिअरमध्ये तो २.६७ पट होई. जीपला नेहमीच्या गिअरशिवाय आणखी एक पेटी होती. तिच्यातला 'लो' दांडा ओढला की तो पुन्हा १.९७ पट होई. शेवटी आसाजवळच्या दंतचक्रांत ४.८८ पट. या तिन्हींचा गुणाकार येतो २५.७. म्हणजे इंजिनाचे जवळजवळ २६ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. वेग २६ पटींनी घटतो आणि टॉर्क तितक्याच पटींनी वाढतो. १४२ गुणिले २५.७ म्हणजे सुमारे ३६५० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर धरली, तर जमिनीशी मिळणारा जोर सुमारे १०,००० न्यूटन होतो. तो एक हजार किलोग्रॅम वजनाएवढा आहे. जीपचे स्वतःचे वजन सुमारे ११०० किलोग्रॅम. दंतचक्रांतील घर्षणात जाणारा वाटा सोडला, तरी जीप जवळजवळ स्वतःच्या वजनाइतक्या जोराने पुढे ढकलू शकते!

म्हणजे जोर भरपूर आहे. कमी पडते ते घर्षण. चाक जमिनीला ढकलते तेव्हा जमीन घसरली नाही तरच गाडी पुढे जाते. आणि जमीन किती ढकलू देईल, हे चाकावरचे वजन आणि घर्षणांक यांच्या गुणाकारावर ठरते. ओल्या चिकणमातीवर घर्षणांक समजा ०.२ आहे. गाडीच्या फक्त मागच्या दोन चाकांना ओढ असेल आणि त्यांच्यावर निम्मे वजन असेल, तर मिळणारी पकड ५५० गुणिले ०.२, म्हणजे ११० किलोग्रॅम वजनाएवढी. चारही चाकांना ओढ दिली तर २२० किलोग्रॅम. इंजिनाची ताकद तेवढीच, चिखल तोच, पण पकड दुप्पट. चढाच्या भाषेत सांगायचे, तर पहिली गाडी सुमारे ६ अंशांच्या निसरड्या चढावर हरेल आणि दुसरी सुमारे ११ अंशांपर्यंत चढेल. चिखलात रुतण्याने होणारा अडथळा आपण हिशेबात धरलेला नाही, पण तत्त्व कळायला एवढे पुरेसे आहे.

मग 'लो' गिअरचा एवढा जोर कशासाठी? त्याचा खरा उपयोग सावकाश चालण्यासाठी. इंजिन मिनिटाला ७०० फेरे अशा संथ गतीने फिरत असेल, तर चाक मिनिटाला सुमारे २७ फेरे घेते आणि गाडी ताशी पावणेचार किलोमीटर वेगाने सरकते. हा जवळजवळ बैलबंडीचा वेग! चाक झटक्याने फिरले तर माती कापली जाते आणि गाडी स्वतःसाठीच खड्डा खणते. हळू, एकसारखे फिरले तर पकड टिकते. जुने ड्रायव्हर हे पुस्तकावाचून जाणत. 'चिखलात घाई करू नये आणि थांबूही नये' हा त्यांचा नियम भौतिकशास्त्राला धरूनच आहे.

तरीही चार चाकांची जीप रुततेच. कारण दोन चाकांच्या मध्ये बसलेली डिफरन्शिअल ही दंतचक्रांची जोडणी. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून ती दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. पण एक चाक चिखलात गरगर फिरू लागले, की दुसऱ्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. म्हणून पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले, तर चारचाकी ओढ असूनही गाडी जागीच उभी राहते. मग दगड, पऱ्हाटीच्या काड्या, पोते असे काहीतरी फिरणाऱ्या चाकाखाली घालायचे. हा उपायही घर्षणांक वाढवण्याचाच.

'सरकार आले'

जीप गावोगाव पोहोचली ती मुख्यतः सरकारच्या हातून. १९४३ च्या डिसेंबरमध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली होती. तिथे वीस वर्षांचा रस्ते-आराखडा तयार झाला. तो 'नागपूर योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. शेतीच्या विकसित भागातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. पण रस्ता व्हायला वर्षे लागतात. मधल्या काळात ते पाच मैल कापायचे कशाने? २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकासगटाच्या कचेरीसमोर जीप उभी राहिली. सरकारी कागदांत आणि नकाशांत 'जीप जाऊ शकेल असा रस्ता' अशी रस्त्याची एक प्रतच तयार झाली. एखाद्या यंत्राने जमीन मोजण्याची नवी भाषा द्यावी, असे क्वचितच घडते.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यांचा पाया ज्या समितीने घातला, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे याच यवतमाळ जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे. त्यानंतर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण जीवनातले एक पात्रच बनले. हिवतापाच्या फवारणीची, कुटुंबनियोजनाची, कापसावरच्या किडीची माहिती सांगणारी, सगळ्यांचीच जीप. शाळांना तर ती चांगलीच परिचित. दूर पांदणीवर धुरळा उठला की मुले सांगत, 'गुरुजी, जीप येऊन राहिली', आणि साहेब उतरेपर्यंत फळा स्वच्छ आणि हजेरीपट पूर्ण! निवडणुकीच्या आदल्या दिवशी मतपेटी मांडीशी धरून जीपमध्ये दाटीवाटीने बसण्याचा अनुभव जुन्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांनी घेतलेला आहे.

मालक काय सांगतात?

खाजगी मालकाकडे जीप पोहोचली ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने. लष्कराच्या किंवा सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली जीप कंत्राटदार, जिनिंगवाले, मोठे शेतकरी बाळगत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट जाणवते. गाडी कधी बिघडली नाही, असे कोणीच सांगत नाही. ती बिघडली तेव्हा रस्त्यातच कशी नीट केली, हे मात्र प्रत्येक जण रंगवून सांगतो.

नाला ओलांडायचा असेल तर आधी पंख्याचा पट्टा काढायचा. नाहीतर इंजिनासमोरचा पंखा पाणी उडवून ठिणगी पाडणाऱ्या भागावर टाकतो आणि पेट्रोलची जीप नाल्याच्या मधोमध बंद पडते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. म्हणून डिझेलची जीप पाण्याला कमी भिते. नाला ओलांडला की थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून जायचे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने ब्रेक वाळतात. बॅटरी उतरली तर समोरून हँडल मारायचे. डांबरी रस्त्याला लागताच पुढच्या चाकांची ओढ काढून टाकायची. वळणावर पुढच्या चाकांचा मार्ग मागच्या चाकांपेक्षा लांब असतो. चिखलात तो फरक घसरून भरून निघतो, डांबरावर मात्र दंतचक्रांवर ताण येतो. यातली प्रत्येक सूचना म्हणजे एकेक धडा आहे.

या गाडीत झाकलेले असे फारसे काही नव्हते. शिडीसारखा सांगाडा, पाट्यांच्या कमानी, सरळ आस, पाना लावता येईल अशा जागी प्रत्येक बोल्ट. पाटा तुटला तर तालुक्याच्या गावचा मिस्त्री दुसऱ्या गाडीचा पाटा कापून बसवी. निकामी पाट्याचे पोलाद इतके चांगले, की गावचा लोहार ते मागून नेई आणि त्याचे विळे, कुऱ्हाडी करी. लोहारा या गावाच्या नावातच लोहार आहे. जीप टिकली ती अशा माणसांच्या बळावर. जिथे यंत्र वापरायचे, तिथल्याच माणसाला, तिथल्याच हत्यारांनी ते दुरुस्त करता येणे हा मजबुतीचा पहिला अर्थ. पत्र्याच्या जाडीचा क्रमांक त्यानंतर लागतो.

मजबुतीची दुसरी बाजू

पण इथेच थांबलो तर गोष्ट अर्धवट राहील. 'एवढी धडक बसली, पण गाडीला काही झाले नाही' असे जीपचे मालक अभिमानाने सांगतात. गाडीला काही झाले नाही. आतल्या माणसाचे काय? धडकेत गतिज ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते. गाडीचा पुढचा भाग चेपला, तर ती तिथे खर्च होते आणि माणसाला थांबायला थोडा जास्त अवकाश मिळतो. गाडी चेपलीच नाही, तर माणूस क्षणार्धात थांबतो आणि त्याच्यावरचे बल कित्येक पटींनी वाढते. जुन्या जीपला ना पट्टा, ना दार, ना छत. ती स्वतः मजबूत होती, पण प्रवाशाला सुरक्षित ठेवणारी नव्हती. हे दोन गुण वेगळे आहेत, आणि एकाला दुसरा समजण्याची किंमत माणसे जीव देऊन मोजतात.

दुसरा धोका आपल्या अधिक परिचयाचा. एस.टी. जिथे वेळेवर पोहोचत नाही, तिथे काळी-पिवळी जीप पोहोचते. अपडाउन करणाऱ्या शिक्षकांना तिची ओळख करून द्यायला नको. आत दाटी, मागे लटकलेले, टपावर बसलेले प्रवासी! गाडीच्या दोन चाकांतले अंतर समजा १.२५ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटर उंच आहे. चाकांतल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, की उत्तर येते ०.९६. वळणावरचे बाजूचे बल गाडीच्या वजनाच्या इतक्या पट झाले तर गाडी उलटेल. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. म्हणजे उलटण्याच्या आधी गाडी घसरेल, ड्रायव्हरला इशारा मिळेल. आता टपावर माणसे बसली आणि गुरुत्वमध्य समजा ०.९५ मीटरवर गेला. तोच भागाकार होतो ०.६६. आता घसरण्याच्या आधीच गाडी उलटेल, कोणताही इशारा न देता. पाट्यांच्या कमानींवर गाडी बाजूला झुकते, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहूनही वाईट असतात. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ताही तोच. बदलली ती फक्त उंची. हे गणित विद्यार्थ्यांना उमगले, तर टपावर चढणारा एखादा पाय तरी मागे फिरेल.

आज जीप कुठे आहे?

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि जी गावे एकेकाळी फक्त जीपच्या आवाक्यात होती, त्यांपैकी अनेकांपर्यंत पक्का रस्ता गेला. महिंद्रांची बोलेरो २००० मध्ये आली, थार २०१० मध्ये. २०२० च्या नव्या थारला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले. जुन्या जीपला तर अशी परीक्षा कधी द्यावीच लागली नव्हती. विलिसचे नाव अनेक मालकांच्या हातून फिरत आज स्टेलँटिस या कंपनीकडे आहे. २०१७ पासून 'जीप' नावाची गाडी पुण्याजवळ रांजणगावला बनू लागली. महिंद्रांनी अमेरिकेत विकायला काढलेली रॉक्सर आपल्या जीपसारखी दिसते, अशी तक्रार तेव्हाच्या मालक कंपनीने २०१८ मध्ये केली. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ती मान्य केली आणि महिंद्रांना गाडीचा चेहरा बदलावा लागला. ज्या चेहऱ्याला आपण 'आपला' समजत होतो, तो कायद्याने दुसऱ्याचा होता! एखादे यंत्र इथे बनवणे, ते दुरुस्त करणे आणि त्याची मूळ कल्पना आपली असणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. जीपमुळे आपण पहिल्या दोन चढलो. तिसरीची चढण त्यानंतर सुरू झाली.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. कचेऱ्यांच्या आवारात कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्यांचा निरोप त्यामुळे ठरला आहे. त्यात खंत वाटण्यासारखे फार नाही. नव्या गाड्या कमी धूर सोडतात आणि माणसाला अधिक जपतात. पण त्या बिघडल्या की दोष शोधायला संगणक लागतो आणि तालुक्याचा मिस्त्री हात वर करतो. माणसाला जपणारी आणि तरीही गावात दुरुस्त होणारी गाडी एकाच वेळी का असू नये? हा प्रश्न पुढच्या पिढीच्या अभियंत्यांसाठी आहे, आणि ते आज आपल्या वर्गात बसलेले आहेत.

त्यांना सुरुवात करून द्यायला फार साहित्य लागत नाही. एक फळी घ्या. तिच्यावर काळ्या मातीचा ओला थर द्या. त्यावर वीट ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचला. वीट घसरू लागेल तेव्हाचा कोन मोजा. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. मग कोरडी माती, मुरूम, वाळू, पऱ्हाटीच्या काड्या असे बदल करून आकडे लिहा. नंतर एक खेळण्यातली गाडी फळीवर आडवी ठेवा, घसरू नये म्हणून चाकांना बारीक पट्टीची आड द्या, आणि टपावर आधी काही न ठेवता, मग एक, मग दोन दगड बांधून कोणत्या कोनाला ती उलटते ते पाहा. दोन तासिकांत हे सारे होते. आपल्या गावची माती आपल्या गाडीला किती पकड देते, हा आकडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नाही. तो विद्यार्थ्यांनी स्वतः काढायचा आहे.